त्या ताईंना सांग

बालवाडीच्या वर्गात, बाहुलीघराच्या कोपऱ्यात दोघी खेळत होत्या. एक साडेचार वर्षांची, दुसरी तिच्याहून थोडी लहान. मी खिडकीखाली जमिनीवर बसून पुठ्ठ्याचे गोल कापत होते आणि माझ्या जोडीच्या ताई पलीकडे बेसिनपाशी रंगाचे ब्रश धूत होत्या. खेळ 'ताई-ताई'चा आहे हे आधी माझ्या लक्षात आलं नाही. मोठीनं खांद्याला एक जुनी पर्स अडकवली होती, धाकटी पाठमोरी बसून खेळण्यातली भांडी एकात एक बसवत होती. दोघींच्या मधे बाहुली. मोठी बाहुलीवर वाकली आणि हळू, गोड, पण कुठेतरी धार असलेल्या आवाजात म्हणाली, "त्या ताईंना सांग, ब्रश धुऊन जागेवर ठेवायचे असतात म्हणावं." मग तिनं बाहुलीला उभं केलं, टुकटुक चालवत धाकटीपुढे नेलं. धाकटीनं मान वर केली नाही. तिनंही बाहुलीलाच सांगितलं, "त्यांना म्हणावं, मला दोनच हात आहेत." बाहुली टुकटुक करत परत आली.

दोघींमध्ये जेमतेम दोन फुटांचं अंतर होतं.

माझ्या हातातली कात्री थांबली. तो आवाज माझा होता. 'म्हणावं'वर येणारा तो किंचित हेल, आधी घेतलेला तो छोटा श्वास, सगळं माझं. आदल्याच आठवड्यात मी एका मुलाला तंतोतंत हेच सांगून पाठवलं होतं, आणि ज्यांच्याकडे पाठवलं त्या तेव्हाही दोन-तीन फुटांवरच होत्या. मी बेसिनकडे पाहिलं. त्यांची पाठ माझ्याकडे होती. नळ चालू असणार, त्यांना ऐकू गेलं नसणार, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि पुन्हा गोल कापायला लागले. त्यातला एकही गोल धड आला नाही.

मुलांच्या हाती निरोप पाठवणं ही बालवाडीतली सगळ्यात साधी गोष्ट. "जा, ताईंना विचार डिंक आहे का," म्हटलं की चार वर्षांचं मूल छाती काढून निघतं. वाटेत दोनदा निरोप विसरतं, परत येऊन विचारून जातं, आणि डिंकाची बाटली घेऊन येताना त्याच्या चालण्यात किती मोठेपण असतं! मीही सुरुवातीला असेच निरोप पाठवत होते. त्यांच्यात दुसऱ्या जातीचे निरोप कधी मिसळले, ते मला सांगता येत नाही. वाक्यरचना तीच, आवाज तोच, फक्त आत काहीतरी वेगळं. मोठ्या माणसांना तो फरक क्षणभर कळला नाही तरी चालतं, मुलांना लगेच कळतो. मागे वळून पाहताना आठवतं, की डिंकाचा निरोप घेऊन मुलं पळत जात, आणि ब्रशचा निरोप घेऊन गेलेला तो मुलगा चालत गेला होता. हळूहळू, बोट तोंडात घालून.

आमच्या दोघींत भांडण झालं होतं, असं नाही. उलट वर्ग बघायला येणारे पालक म्हणायचे, किती शांत वर्ग आहे तुमचा. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, चौदा वर्षं या कामात, पदविका वगैरे काही नाही. मी पदविका घेऊन आलेली, ही माझी दुसरीच नोकरी. मी 'सूक्ष्म स्नायूंचा विकास' म्हणायचे, त्या 'बोटं वळायला लागलीत' म्हणायच्या. दोन्हींचा अर्थ एकच, पण मी माझे शब्द त्यांच्यासमोर थोडे जास्तच जोरात उच्चारत असे, हे मला आता कबूल केलं पाहिजे. आणि त्या हसून म्हणायच्या, "पुस्तकात असेल तसं, ताई." त्या 'ताई'त आदर होता आणि दारही बंद होतं. एकमेकींना 'अहो-जाहो', सकाळी आल्यावर हसणं, जाताना "येते हं". सगळं अगदी रीतसर. एखाद्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं असतं तर दोघी रडलो असतो, नाक पुसलं असतं आणि मोकळ्या झालो असतो. पण आम्ही सभ्य राहिलो. सभ्यपणात अबोला इतका छान लपतो की आपल्याला स्वतःलाही तो दिसत नाही.

सगळ्यात जास्त कुरबूर होती ती वाळूवरून. अंगणात एका बाजूला वाळूचा हौद, दुसऱ्या बाजूला पाण्याचं टब. वाळू मुठीत घ्यायची आणि पाण्यात सोडायची, याहून मोठा आनंद त्या वयात क्वचितच असेल. वाळू कशी खाली जाते, पाणी कसं गढूळ होतं, मग हळूहळू कसं निवळतं. मुलं ओणवी होऊन, श्वास रोखून बघत बसतात. मी ते करू द्यायचे. ताईंना ते अजिबात चालत नसे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. माझ्या मनात उत्तर तयार होतं: जुनी पद्धत, स्वच्छतेचं वेड, पसाऱ्याची भीती. एक मुलगा होता, साडेतीन वर्षांचा, गुटगुटीत हातांचा. तो वाळूची मूठ भरून टबापर्यंत यायचा आणि थांबायचा. बोटांच्या फटींतून वाळू गळत असायची. तो आधी माझ्याकडे बघायचा, मग ताईंकडे, मग पुन्हा माझ्याकडे. अंगणात मी एकटीच असेन तर मूठ उघडायची. त्या एकट्या असतील तर तो मागे फिरायचा. दोघी असलो की तो तिथेच उभा राहायचा आणि वाळू आपोआप संपून जायची.

अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आम्हाला पदविकेच्या वर्गात शिकवला होता. एका मोठ्या टेबलावर जाड काच. अर्ध्या भागात काचेला लागूनच चौकटीचं कापड, उरलेल्या अर्ध्या भागात तेच कापड काचेखाली सुमारे फूटभर खाली, म्हणजे रांगत येणाऱ्या बाळाला पुढे खोल आहे असं वाटावं. बाळं वर्षाची. पलीकडे आई उभी. बाळ त्या काठाशी येऊन थबकतं आणि आईच्या चेहऱ्याकडे बघतं. आईचा चेहरा आनंदी होता तेव्हा १९ पैकी १४ बाळं तो भास ओलांडून पलीकडे गेली. आईच्या चेहऱ्यावर भीती होती तेव्हा १७ पैकी एकही गेलं नाही. परीक्षेत मी हे आकडे बरोबर लिहिले होते. पण त्या प्रयोगात चेहरा एकच होता. बालवाडीच्या वर्गात दोन असतात, कधी तीन. एक चेहरा 'ये' म्हणत असताना दुसरा 'थांब' म्हणत असेल तर मूल काय करतं, ते मला त्या मुलाच्या मुठीनं शिकवलं. मूल उभं राहतं.

त्यात आणखी तापाचा दिवस आला.

सकाळी दारात एका मुलीच्या आईनं मला सांगितलं, "रात्री ताप होता, औषध दिलंय, आज जरा बसवूनच ठेवा." मी "हो हो" म्हटलं. दाराची ती वेळ ज्यांनी अनुभवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको: एक मूल पायाला मिठी मारून रडतंय, एकाचा बूट निघत नाही, एकाला आत्ताच्या आत्ता हातातलं पान दाखवायचं आहे. मी त्या मुलीचं दप्तर खुंटीला लावलं आणि सामानाच्या खोलीत कागद आणायला गेले. परत आले तोवर ताई सगळ्यांना घेऊन मैदानावर गेल्या होत्या. ऊन चांगलंच वर आलं होतं. साडेअकराच्या सुमाराला ती मुलगी भिंतीला टेकून बसलेली मला दिसली. गाल लालभडक, डोळे अर्धे मिटलेले. कपाळाला हात लावला तर चटका बसला. ताई धावत आल्या. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाल्या, "मला कुणी सांगितलं नाही." त्या 'कुणी'त मी होते. आई आली तेव्हा मी तिला म्हटलं, "आमच्या लक्षात आलं नाही हो." ताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. मुलगी दोन दिवसांत बरी होऊन आली. माझं ते 'आमच्या' मात्र माझ्या घशात अडकून राहिलं.

मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत, हे किती बरं आहे आणि किती अवघडही. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. त्या दिवसानंतर मी आमच्या वर्गातले हे दोन शब्द मोजायलाच लागले. 'आपण' दिवसभर चालू असायचं, पण फक्त मुलांशी: आपण हात धुऊया, आपण खेळणी आवरूया, आपण मारायचं नसतं. 'आम्ही' पालकांसाठी राखलेलं, आणि तेही बहुधा काही चुकलं असेल तेव्हा, म्हणजे चूक कुणाची ते धूसर व्हावं म्हणून. आणि आम्ही दोघी एकमेकींशी बोलताना? 'मी' आणि 'तुम्ही'. "मी फळा पुसलाय." "तुम्ही हजेरी घेतली का?" सव्वीस मुलं आमच्या दोघींची होती, पण त्या दोघींना मिळून हाक मारणारा शब्द आमच्यात नव्हता.

यात वेळेचाही मोठा वाटा आहे, आणि तो कुणीतरी स्पष्ट बोललाच पाहिजे. आमचे कामाचे तास मुलं येण्याच्या जेमतेम आधी सुरू व्हायचे आणि मुलं गेली की संपायचे. जी काही महिन्याची बैठक व्हायची, तिच्यात कार्यक्रम, सजावट, नोंदवह्या, कुणाची रजा. तास-दीड तासाच्या त्या बैठकीत एकाही मुलाचं नाव कुणी घेतलेलं मला आठवत नाही. मग बोलणं कुठे होणार? फाटकाबाहेर उभं राहून, घरी जाताना फोनवर, नाहीतर मोठ्या बाईंच्या खोलीत दार लोटून. म्हणजे जिच्याशी बोलायचं ती सोडून बाकी सगळ्यांशी. इटलीतल्या रेज्जो एमिलिया शहरात १९६३ साली नगरपालिकेची पहिली बालशाळा निघाली. शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुत्सी यांच्या नावाशी जोडलेल्या त्या शाळांत एका वर्गाला दोन शिक्षक असतात आणि दोघांचा दर्जा सारखा, त्यात कुणी मुख्य आणि कुणी मदतनीस नाही. शिवाय आठवड्याच्या कामाच्या तासांतच काही तास मुलांशिवाय एकत्र बसायला राखून ठेवलेले असतात. त्या शाळांतल्या चित्रांची, मातीकामाची, प्रकाशाच्या खेळांची वर्णनं जगभर लोक कौतुकानं वाचतात. मला मात्र त्यातले ते राखून ठेवलेले तासच हवेहवेसे वाटतात. दोन माणसांनी एकमेकांशी बोलावं अशी अपेक्षा असेल तर त्या बोलण्याला कामात जागा हवी. ते कुणाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही.

आमच्याकडे त्याऐवजी एक दिवसाचं शिबिर झालं. डोळे बांधून जोडीदाराच्या हाताला धरून चालायचं, डोळे मिटून मागे पडायचं आणि मागच्यानं झेलायचं. मी मागे पडले, ताईंनी मला झेललं. त्यांचे हात भक्कम होते, साबणाचा वास येत होता, आणि क्षणभर मला खरोखर भरून आलं. दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा "मी फळा पुसलाय". त्या खेळांत वाईट काही नव्हतं. पण मागे पडताना मला त्यांच्याशी असहमत व्हावं लागत नव्हतं, आणि आमची अडचण तिथे होती. वर्गात आम्ही त्या टप्प्यावर होतो ज्याला बालशिक्षणात समांतर खेळ म्हणतात. मिल्ड्रेड पार्टन या अमेरिकन संशोधिकेनं १९३२ साली लहान मुलांच्या निरीक्षणातून एकमेकांत मिसळण्याच्या सहा पायऱ्या मांडल्या, त्यातली ही मधली: दोन मुलं शेजारी शेजारी बसतात, सारखीच खेळणी घेतात, पण खेळ मात्र आपापला. तीन वर्षांची मुलं असं खेळली तर आपण काळजी करत नाही. त्यांना त्यातून पुढे जायला जवळ बसायला मिळतं आणि भरपूर वेळ मिळतो. आम्हाला यातलं फक्त जवळ बसणं मिळालं होतं.

त्या बाहुलीच्या प्रसंगानंतर तीन-चार दिवसांनी मी घरून एक दोनशे पानी वही आणली आणि कपाटावर, मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी ठेवली. पेन दोऱ्यानं बांधलं. कल्पना माझी नव्हती. बुडापेस्टमध्ये १९४६ साली एमी पिकलर या बालरोगतज्ज्ञ बाईंनी आईबापांवाचून राहिलेल्या बाळांसाठी बालगृह सुरू केलं, तिथल्या सांभाळणाऱ्या बाया प्रत्येक बाळाची रोजनिशी लिहीत, हे मी वाचलं होतं. तिथे बाळाला कपडे घालण्याची, आंघोळीची पद्धत सगळ्याजणींनी मिळून ठरवलेली असे, म्हणजे आज कुणाचे हात आहेत यावर बाळाचं जग उलटंपालटं होऊ नये. ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ती गळणारी मूठच आली होती. वहीसाठी मी स्वतःशी एकच नियम केला: दिसलं आणि ऐकलं तेवढंच लिहायचं. 'हट्टी', 'रडका', 'ऐकत नाही' असले शब्द नाहीत. पहिल्या दिवशी लिहिलं, "सकाळी दारात कळलेली गोष्ट मी त्या दिवशी सांगितली नाही. ताप होता हे मला माहीत होतं. चूक माझी." लिहायला दोन मिनिटंही लागली नाहीत, वही परत कपाटावर ठेवायला मात्र बराच वेळ लागला.

पाच दिवस त्या वहीत माझंच अक्षर होतं. मी मुलांबद्दल लिहीत होते, आणि खरं सांगायचं तर रोज दुपारी आधी खालची ओळ बघत होते. सहाव्या दिवशी तिथे दुसरं अक्षर आलं. ठळक, एकेक अक्षर सुटं काढलेलं. "वाळू पाण्यात टाकली की टबाची नळी तुंबते. मागच्या वर्षी मी आणि मावशींनी दोनदा तार घालून काढली. दुसऱ्यांदा माझ्या बोटाला लागलं, टाके पडले."

मी ती ओळ उभ्यानंच तीनदा वाचली.

त्यांच्या उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरचा व्रण मी वर्षभर बघत होते. कात्री देताना, डबे उघडताना, मुलांची नाकं पुसताना. तो कसला ते कधी विचारलं नव्हतं. मी ज्याला जुनी पद्धत समजत होते ती एक तुंबलेली नळी होती, आणि त्यांनी ती नळी मला का सांगितली नाही हा प्रश्न जितका त्यांचा, तितकाच मी का विचारलं नाही हा माझा. दुसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं, "मला माहीत नव्हतं," आणि मग ते पुरेसं वाटेना म्हणून त्यांच्यापाशी जाऊन तेच तोंडानं म्हटलं. त्या म्हणाल्या, "सांगायला हवं होतं मी." मग दोघी अंगणात गेलो, टब उचलून बघितलं, नळी बघितली. त्यांनीच सुचवलं की नळी नसलेली एक जुनी बादली वाळूपाण्यासाठी ठेवायची आणि संध्याकाळी झाडाच्या बुंध्याशी रिकामी करायची. किती साधं होतं ते! तो गुटगुटीत हातांचा मुलगा मूठ भरून आला, थांबला, माझ्याकडे बघितलं, त्यांच्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी बादलीकडे बोट दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा दोघींकडे बघून खात्री केली. मग सगळी वाळू एकदम सोडली आणि बादलीत तोंड घालून बघत बसला.

वहीनं सगळं केलं असं मी म्हणणार नाही. लिहिणं ही बोलण्याची तयारी होती. खरं बोलणं सुरू झालं ते बेसिनपाशी. मुलं गेल्यावर ब्रश धुवायचे असतात, आणि चार हात असले की दहा मिनिटांत होतात. समोरासमोर बसून "आता बोलूया" म्हटलं की दोघींची जीभ जड व्हायची, पण हात पाण्यात असले, नजर ब्रशवर असली, की वाक्यं आपोआप सुटायची. "आज तो तिला चावला, पण आधी तिनं त्याची गाडी घेतली होती, ते तुम्हाला दिसलं नसेल." "तुम्ही गोष्ट सांगताना ती मागची दोघं उठून जातात, त्यांना पुढे घ्या ना." हे शेवटचं ऐकून माझ्या कानशिलांशी ऊन आलं होतं. पण त्यांनी ते मोठ्या बाईंना नाही, मला सांगितलं होतं. मी दोघांना पुढे घेतलं आणि ती उठेनाशी झाली.

मोठ्या बाईंनी एकदा ती वही चाळली आणि त्या काळजीत पडल्या. "या वर्गात इतक्या गोष्टी चुकतात?" शेजारच्या वर्गात काहीच चुकत नव्हतं, कारण तिथे वहीच नव्हती. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचा रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांवरचा एक अभ्यास आहे, १९९६ साली प्रसिद्ध झालेला. ज्या तुकड्यांत एकोपा चांगला, तिथे चुका कमी असतील असं त्यांना वाटलं होतं. आकडे उलटे आले, तिथे चुका जास्त नोंदलेल्या होत्या. मग उलगडा झाला की त्या तुकड्यांतली माणसं चुका लपवत नव्हती. हे मी मोठ्या बाईंना सांगितलं, जरा अडखळतच. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पालकांच्या हाती पडू देऊ नका एवढंच," आणि वही परत दिली. पूर्ण पटलं नव्हतं त्यांना. पण पुढच्या महिन्यापासून बैठकीतली शेवटची वीस मिनिटं त्यांनी मुलांसाठी ठेवली. पहिल्या वेळी कुणाला काय बोलावं सुचेना.

सुचवलं ते मावशींनी. मावशी बैठकीला कधीच नसत, त्या दिवशी खुर्च्या आवरायला आल्या होत्या. आमच्या वर्गात एक मुलगा सहा महिने एक शब्द बोलला नव्हता. मी त्याच्या पालकांना तज्ज्ञांकडे जायला सुचवायचं ठरवत होते, तसं म्हणाले. मावशी दारातूनच म्हणाल्या, "तो? तो तर माझ्याशी बडबड करतो की. शू करताना सगळं सांगतो. घरी कोण आलं, मांजर कुठे बसतं." खोली शांत झाली. कोण डबा न खाता परत नेतं, कुणाला फ्लशच्या आवाजाची भीती वाटते, कुणाच्या पाठीवर पुरळ आहे, हे सगळं मावशींना माहीत होतं आणि त्यांना कुणी कधी विचारलं नव्हतं. रेज्जोच्या शाळांत स्वयंपाक करणारी माणसंही शिक्षकांच्या चर्चेत बसतात. ते मी वाचलं होतं, तरी मावशींना बैठकीला बोलवायचं माझ्या मनात कधी आलं नाही. याची मला आजही लाज वाटते. त्यांना लिहायला नको वाटायचं, म्हणून मग आम्ही बेसिनपाशी त्यांनाही हाक मारायला लागलो. त्या मुलाच्या पालकांशी आम्ही बोललो, पण 'बोलत नाही' असं नाही. 'तो कुठे आणि कुणाशी बोलतो' असं. ते बोलणं फार वेगळं झालं.

एक गोष्ट मात्र वहीत कधी लिहिली गेली नाही आणि बेसिनपाशीही फार उशिरा निघाली. मुलं रडताना त्यांच्याकडे जायची, माझ्याकडे नाही. पडलं की ताई. झोप आली की ताई. त्या एकदा चार दिवस रजेवर होत्या, तेव्हा एक मुलगी दाराकडे तोंड करून बसून राहिली. मी जवळ घेतलं तर अंग ताठ केलं. त्या वयाच्या मुलाच्या ताठ अंगाइतकं स्पष्ट 'नाही' दुसरं कुठलं नसेल. मला दुखलं. वर्गात लहान मुलांच्या प्रेमाची वाटणी होत असते आणि मोठी माणसं ती चोरून मोजत असतात, याबद्दल आमच्या कामात कुणी बोलत नाही. पदविकेत त्यावर धडा नव्हता. ताई परत आल्यावर मी त्यांना ते चार दिवस कसे गेले ते सांगितलं, दुखलं तेही सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी ती मुलगी त्यांच्या कडेवर होती, तेव्हा त्या तिला घेऊन माझ्यापाशी येऊन बसल्या. नुसत्या बसल्या. थोड्या वेळानं तिला म्हणाल्या, "मी पाणी पिऊन येते. आपल्या ताई आहेत इथे." ती मुलगी कुरकुरली, मग माझ्या मांडीवर सरकली. अंग पूर्ण सैल नव्हतं, पण ताठही नव्हतं. त्याआधी आम्ही मुलांना एकमेकींकडे सोपवताना कधी काही बोलत नसू, सामान द्यावं तसं द्यायचो.

'आपल्या ताई' हे शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले ते तेव्हा.

तरीही सगळं गोड झालं असं नाही. त्यांचा "पुस्तकात असेल तसं" अधूनमधून येतच राहिला आणि मला तो टोचतच राहिला. माझं घाईनं निष्कर्ष काढणं त्यांना शेवटपर्यंत आवडलं नाही. काही आठवडे वही कोरी जायची. एकदा तर आमचं खरंखुरं भांडण झालं, आवाज चढवून, मुलं गेल्यावर, एका पालकांना काय सांगावं यावरून. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी वेळेच्या आधी आलो होतो.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुलं गेल्यावर आम्ही बाहुलीघर आवरत होतो. बाहुल्यांचे कपडे धुवायला काढायचे होते. ती बाहुली माझ्या हातात आली, एक डोळा मिटत नसलेली, आणि मी इतके महिने मनात ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "एकदा त्या दोघी 'ताई-ताई' खेळत होत्या, तुम्ही तेव्हा ब्रश धूत होता. तुम्हाला ऐकू गेलं नसेल."

त्या म्हणाल्या, "गेलं होतं. नळ बंद केला होता मी."

मी काहीच बोलले नाही.

"रात्रभर झोप नाही लागली मला," त्या म्हणाल्या. "ती हुबेहूब माझ्यासारखं बोलत होती."

मी बाहुली खाली ठेवली. "तुमच्यासारखं?"

"मग? त्याच आठवड्यात मी एका पोराला तुमच्याकडे धाडलं होतं की, कात्रीसाठी. त्या ताईंना सांग म्हणून." त्यांनी बाहुलीचा झगा उलटा करून झटकला. बरीच वाळू पडली. दोघी खाली वाकलो आणि तळहातानं ती गोळा करायला लागलो.